नाथांची शुद्ध प्रत



या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत. वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या संतवाङ्मयविषयक ग्रंथांचा परामर्श अध्यक्षाने घ्यावा असा येथला रिवाज आहे, आणि त्यासाठी लागणारी यादी कार्यवाहांनी वेळेवर माझ्याकडे रवाना केली होती. यादीत चरित्रे आहेत, प्रबंध आहेत, प्रवचनांचे संग्रह आहेत. त्यांपैकी कित्येक परिश्रमपूर्वक लिहिलेले आहेत. परंतु ते वाचीत असता, गेली अनेक वर्षे जे शल्य मी मनात बाळगून आहे तेच पानोपानी टोचत राहिले, म्हणून परामर्शाचे काम मी लेखी टिपणावर सोपवितो आणि आपली रजा घेऊन तेवढेच बोलतो. श्रीएकनाथांविषयी इतके लिहिणारे आपण, नाथांनी स्वतः नेमके काय लिहिले हे ठरविण्याची तसदी घेत नाही.

नाथांच्या चरित्रातील जी कथा आपण सर्वांनी बाळपणीच ऐकली, ती प्रथम आठवा. चाळीसगावचे जनार्दनपंत निजामशाहीच्या चाकरीत देवगिरीवर होते. गडाचा कारभार आणि दत्तोपासना ही दोन्ही त्यांच्या एकाच दिवसात नांदत असत. मातापित्यांना पारखा झालेला, आजोबांनी वाढविलेला पैठणचा हा मुलगा गुरूच्या शोधात तेथे आला. गुरूंनी त्याला वेदान्ताआधी दफ्तर सोपविले. एके रात्री हिशेबात एका पैची तफावत येऊ लागली, तेव्हा सारा गड निजला असता हा मुलगा समईजवळ वह्या चाळीत बसला, आणि उत्तररात्री ती चूक सापडली तेव्हा आनंदाने त्याने टाळी वाजविली. गुरू जागे झाले आणि म्हणाले की एका पैच्या चुकीसाठी जर एवढी एकाग्रता, तर ती परमेश्वराकडे लागल्यास काय होईल! कीर्तनकार येथे थांबतात आणि हिशेब क्षुद्र, परमार्थ थोर असा निष्कर्ष काढून पुढे जातात. मला हा निष्कर्ष कधीच पटला नाही. पैच्या चुकीपायी ज्याची झोप उडते तोच शिष्य आपल्या कामाचा, असे त्या कारभारी गुरूने ओळखले. पुढे शूलभंजन पर्वतावर अनुष्ठानाला पाठविले ते याच मुलाला. जनार्दनस्वामींच्या घरी चोख हिशेब हा भक्तीचा पहिला पाठ होता, अशी माझी श्रद्धा आहे.

या पाठाचे फळ शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, कपिलाषष्ठीच्या पर्वणीवर प्रकट झाले. ज्ञानेश्वरीच्या प्रती तीनशे वर्षांत हातोहाती फिरून पाठांतरांनी भरल्या होत्या. त्या नाथांनी मिळवून पाहिल्या आणि ग्रंथाची प्रत शुद्ध केली. आळंदीस अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागल्याचा दृष्टांत त्यांना झाला, हे आपण भक्तिभावाने सांगतो; पण आळंदीहून परतल्यावर त्यांनी जे काम केले ते पोथ्या समोर मांडून अक्षर अक्षर ताडण्याचे होते, हे सांगताना आपला आवाज उतरतो. वास्तविक त्या वेळी नाथ भागवताच्या एकादश स्कंधावर साडेअठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका काशीक्षेत्री पुरी करून आले होते. पहिले पाच अध्याय पैठणात आणि पुढचे वाराणसीत, अशी ती शके १४९५ मध्ये सिद्ध झाली. एवढी वाणी प्रसन्न असलेल्या कवीने दुसऱ्याच्या ग्रंथाची प्रत सुधारण्यात दिवस घालवावे, त्यात आपली एकही ओवी मिसळू नये आणि पुढे कोणी मिसळील तर त्याला आधीच कडक शब्दांत ताकीद देऊन ठेवावी, याहून मोठी गुरुसेवा मला ठाऊक नाही.

येथे काही मित्र मला अडवितील. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी नाथपूर्वकालीन म्हणून एक ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हापासून नाथांनी जुनी भाषा मोडून आपल्या काळाची घातली, असा आक्षेप विद्वत्सभांतून अधूनमधून उठतो. मी त्या वादाचे खंडनमंडन करीत बसत नाही. ज्या वृद्ध पोथीलेखकापाशी मी तरुणपणी नकला करण्यास बसत असे, त्यांची रीत तेवढी सांगतो. मूळ पानाला कसर लागून अक्षर खाल्ले गेले असेल तर ते नकलेत तेवढीच जागा कोरी सोडीत. स्वतःच्या हातून चूक झाली तर तिच्यावर हरताळ फासून वर शुद्ध अक्षर लिहीत. राहिलेले पद समासात घालून ओळीत काकपद करीत. एकदा एक अनोळखी शब्द पाहून, येथे अमुक असावे, असे मी सुचविले, तेव्हा बोरू खाली ठेवून ते म्हणाले, "बाळ, मला कळत नाही हे माझे उणे, ग्रंथाचे नव्हे." ज्या परंपरेतला सामान्य नकलकारही असा वागे, तिच्या शिखरावर बसलेल्या पुरुषाने आपल्या परमगुरूच्या ग्रंथात मनास येईल तसा फेरफार केला, हे ज्याने आयुष्यात एकही पोथी उतरविली नाही तोच बोलू जाणे. त्याने ज्ञानेश्वरीच्या एका पानाची नक्कल स्वतःच्या हाताने करून मग हा वाद माझ्यापुढे आणावा.

दुसरा वाद आहे नाथ सुधारक होते की समन्वयवादी. श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढणे, काशीची कावड तहानेल्या गर्दभाच्या मुखी रिकामी करणे, या प्रसंगांची दोन्ही पक्ष हवी तशी ओढाताण करतात. त्या वादात मी आज शिरत नाही, कारण दोन्ही पक्ष ज्या गाथांतून आपापली वचने उचलतात त्या गाथांचाच पाया तपासलेला नाही. नाथ कधी एकट्याच्या नावाने सही करीत नसत. आपल्या नावाला गुरूचे नाव जोडून त्यांनी आपली मुद्रा सिद्ध केली. ही नम्रता पुढे घातक ठरली. ज्याला ज्याला दोन पदे जमली त्याने ती त्या मुद्रेखाली दडविली, आणि छापखान्यांनी सारे एका बासनात बांधून नाथांच्या खाती जमा केले.

भारुडांची अवस्था तर पाहवत नाही. विंचू, जोगवा, गोंधळ, महारीण, हिंदु-तुर्क संवाद अशी तीनशेच्या आसपास भारुडे नाथांच्या नावावर आहेत, आणि त्यांत अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र, जाबचिठ्ठी असे सरकारी कागदांचे नमुने आहेत. देवगिरीच्या कचेरीत जे मसुदे त्या मुलाने लिहिले, तेच त्याने पुढे देवाच्या दरबारी रुजू केले. शरीर हा परगणा, जीव त्यावरचा शेखदार, बुद्धी त्याची कारकून. असा कागद रचावयास दफ्तराचा अनुभवच हवा. या कागदांतले अस्सल फारसी शब्द आपल्या छापील गाथांत असे चेंगरले गेले आहेत की वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही आणि गाणारा ते गाळून पुढे जातो. मी एका प्रकाशकाला, सज्जन गृहस्थ होते ते, पाठभेद तळटीपांत द्यावेत अशी विनंती केली. भाविकाला पाठभेद नकोत, जाड टाइप हवा, असे उत्तर मिळाले. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती भाविकांसाठीच केली, एवढे मी त्यांना म्हणालो. तो विषय तेथेच संपला.

आणि मूळ साधने? जायकवाडीचे धरण होऊन नाथसागर भरू लागला तेव्हा तीरावरची गावे उठत होती. तेथल्या एका वाड्यात भारुडांची जुनी बाडे आहेत असे कळल्यावरून मी गेलो. दारात बैलगाड्या उभ्या. कणगी, जाते, तुळशीवृंदावनाचे दगड भरून झाले होते. घरच्या कर्त्याने मोठ्या आदराने मला गूळपाणी दिले आणि सांगितले की पोथ्यांचे रुमाल आदल्या दिवशीच गोदेला अर्पण केले. पाय लागण्यापेक्षा ते बरे. माळवदाच्या कोनाड्यात सुटी राहिलेली काही पाने त्यांच्या सुनेने आणून दिली. हाताचा जाड कागद, वाळवीने कडा कुरतडलेल्या, आणि समासात बारीक अक्षराने लिहिलेले, की या पदाला सोंग आणणाऱ्याने दोनदा मागे वळावे. कोणत्याही छापील गाथेत अशी सूचना माझ्या पाहण्यात नाही. त्या गृहस्थाला मी दोष देत नाही, त्याने आपल्या समजुतीने पोथीचा मानच राखला. दोष आपला, ज्यांना तिची किंमत कळत होती आणि जे तोपर्यंत तेथे पोहोचले नव्हते त्यांचा.

तुकोबांच्या गाथेसाठी १८६९ साली मुंबई सरकारच्या साहाय्याने पंडितद्वयाने देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील प्रती जमवून काम उभे केले. पुण्यात महाभारताची चिकित्सित आवृत्ती कित्येक दशके खपून १९६६ मध्ये पुरी झाली. परकी राजवट जे करू शकली आणि व्यासांसाठी जे आपण केले, ते नाथांच्या समग्र वाङ्मयासाठी त्याच तोलाने झाले पाहिजे, हे माझे मागणे आहे. मंडळ नेमावे, पोथ्यांची याद करावी, छायाप्रती घ्याव्यात. खर्चाचा तपशील मागाहून ठरेल, आणि योजनेचा आराखडा मी कार्यकारिणीकडे यथावकाश पाठवीन.

तूर्त एवढेच करा. आपल्यापैकी ज्यांच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, जुन्या पेटीत एखादे बाड अथवा रुमाल असेल, त्यांनी तो उद्या सकाळच्या बैठकीस घेऊन यावा. आम्ही तो आपल्या समक्ष उघडू, त्याची नोंद घेऊ, छायाचित्रे काढू आणि होता तसा बांधून आपल्या स्वाधीन करू. रसीद माझ्या सहीची मिळेल.