नंबर जिवंत ठेवा



आज विशेष शिक्षणाची पदवी घेणाऱ्या तुमचं अभिनंदन. माझ्याआधी चौघांनी ते सविस्तर केलंय, म्हणून मी लांबवत नाही.

मी शहाद्याची. नव्वदच्या दशकात विशेष शाळेत लागले तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता, प्रत्येक सहीसाठी धुळे गाठावं लागे. १ जुलै १९९८ला जिल्हा झाला. आमचे लिपिक म्हणाले, “बाई, आता सही जवळ आली.” सही आली खरी, पगार मात्र यायचा तेव्हाच यायचा.

दिवाळी झाली की धडगाव-मोलगीकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. अशाच एका बापाने आपला दहा-अकरा वर्षांचा मुलगा आमच्या निवासी शाळेत आणून सोडला. त्याला शर्ट घालून द्यावा लागायचा. मी नुकतीच शिकून आलेली; बटन लावण्याच्या पायऱ्या पाडल्या आणि पहिलीपासून सुरुवात केली. पोरगं वैतागून शर्टच काढून टाकायचं. मुख्याध्यापिका बघत होत्या. म्हणाल्या, “उलटीकडून घे. बटन काजात निम्मं तू सरकव, शेवटचं ओढणं त्याला दे. काम पुरं झालं पाहिजे ते त्याच्या हातून. मग एकेक पायरी मागे जा.” होळीला बाप न्यायला आला. काठी गावची होळी चुकवून चालत नाही, त्यामुळे घाईत होता. पोराने त्याच्यासमोर सगळी बटनं लावली, पटापट सोडली आणि पुन्हा लावायला घेतली. बापाने बघितलं आणि विचारलं, “याला ऊस तोडता येईल का?” तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तपासणीला आलेल्या कुठल्याही साहेबापेक्षा त्याचा प्रश्न नेमका होता.

पुढे मिस्टरांची बदली सुरतेला झाली, मुलं लहान होती, त्यात सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. नोकरी सुटली ती दीड दशक. सासऱ्यांचा उजवा हात गेलेला. डाव्या हाताने सदऱ्याचं बटन लावायला मी त्यांना त्याच पद्धतीने शिकवलं, शेवटाकडून. गिळताना ठसका लागू नये म्हणून कसं बसवायचं, बोलताना शब्द अडला तर किती थांबायचं, हे सगळं रोजचंच. परत नोकरीसाठी मुलाखतीला गेले तेव्हा एका साहेबांनी विचारलं, “मधल्या काळात काय केलंत?” मी सांगितलं. “ते घरगुती झालं,” म्हणाले आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य मांडलं. पगारही त्या शून्यावरूनच मोजला गेला. ही तक्रार मी जिथे माइक मिळेल तिथे करते. आजही करून घेतली.

परत आले तोवर अपंगांच्या हक्कांचा २०१६चा नवा कायदा झाला होता. मी सात प्रकारचं अपंगत्व शिकून गेले होते, परतले तर यादीत एकवीस. त्यात सिकलसेल आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याला नवं नाही. हाडं ठणकतात म्हणून शाळा बुडवणाऱ्या पोरांना इथे कित्येक वर्षं आळशी म्हटलं गेलं.

मधल्या काळात आधारही आलं. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच शहादा तालुक्यात, टेंभलीला दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१०ला. मी सुरतेत टीव्हीवर बघितलं, कौतुक वाटलं. परतल्यावर सेरेब्रल पाल्सीच्या एका मुलीला घेऊन आधार केंद्रावर गेले. तिची मूठ उघडेना, यंत्राला बोटं मिळेनात. ऑपरेटर म्हणाला, “बाई, उद्या आणा.” उद्या मूठ उघडणार होती का? अशा माणसांसाठी नियमात अपवादाची सोय आहे. ती माहीत असलेला ऑपरेटर सापडेपर्यंत शिष्यवृत्तीची तारीख निघून गेली.

शिक्षकांच्या नियमाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं; केंद्र सरकारने मग ते ठरवलं, प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. अक्राणी तालुक्यातले पाडे डोंगरावर किती विखुरलेत हे तुम्हाला माहीत आहे. तिथे एकेका विशेष शिक्षिकेच्या वाट्याला शाळांची केंद्रंच्या केंद्रं येतात, आणि तिची स्वतःची ऑर्डर कंत्राटी.

असो. प्राचार्य घड्याळाकडे बघतायत. ज्यासाठी मी आले ते सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी नोकरी सोडतील. तोंडं वाकडी करू नका. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची बदली, यातलं काहीतरी येतंच. सोडलीत तर सोडलीत. पण भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मरू देऊ नका. १९९२च्या कायद्याने त्या नंबराशिवाय हे काम करता येत नाही. केलं तर वर्षभरापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीचं नूतनीकरण असतं, आणि त्यासाठी सीआरईच्या, म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाच्या, कार्यशाळा करून गुण जमवावे लागतात. शंभरातल्या नव्याण्णव जणी मला सांगतात, “परत जायचं ठरलं की करू.” तेव्हा धावपळ होते.

माझी एक मैत्रीण होती, बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवण्यात माझ्याहून कितीतरी सरस. बारा गावचं पाणी प्यायलेल्या आमच्या मुख्याध्यापिकाही तिचा तास बघायला मागच्या बाकावर बसायच्या. तिला परत यायचं होतं, शाळेत जागाही होती. नोंदणी केव्हाच संपली होती. जागा थांबली नाही. आज ती भावाच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसते.

माझा नंबर टिकला तो त्याच मुख्याध्यापिकांमुळे. नूतनीकरणाचं वर्ष आलं की सुरतेला पोस्टकार्ड यायचं. मायना नाही, खुशाली नाही. “नोंदणी. विसरू नकोस.” मग मी मुलं नणंदेकडे ठेवून कार्यशाळेला जायचे. सासूबाई विचारायच्या, नोकरी नाही तर ट्रेनिंग कसलं?

तुम्हाला पोस्टकार्ड पाठवायला मी काही पुरणार नाही. तेव्हा सगळ्यांनी मोबाइल काढा. हो, आत्ताच; प्राचार्यांची परवानगी मी मघाशीच घेतलीय. प्रमाणपत्रावरची नोंदणी संपायची तारीख बघा, तिच्या वर्षभर आधीचा गजर लावा. ज्यांचं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही त्यांनी अर्ज केलाय का, ते शेजारणीला सांगा. मागच्या रांगेतल्या मुली नुसत्या हसतायत. तुमचा गजर लागेपर्यंत मी माइक सोडणार नाही.