जुन्या जीपचीं पुढचीं चाकें

मोटार सरळ चालते, ह्यांत नवल करण्यासारखें कांहीं आहे असें सहसा कोणाला वाटत नाहीं. वळण संपलें कीं स्टिअरिंग आपोआप पूर्वस्थितीवर येतें, हात जरा सैल पडला तरी गाडी वाट सोडीत नाहीं, हें सारें गृहीतच धरलें जातें. परंतु ज्या घरीं एखादी जुनी जीप हौसेनें जतन केलेली असते, तेथें हें सुख गृहीत धरतां येत नाहीं. खड्डा लागतांच पुढचीं चाकें थरथरूं लागतात, स्टिअरिंग हातांतून निसटूं पाहतें, आणि मग ‘अलाइनमेंट करून घ्या’ असा सल्ला चहूंकडून मिळतो. हा सल्ला खोटा नव्हे. पण तो बहुधा अवेळीं दिला जातो. चाकांची जुळणी हें दुरुस्तीचें शेवटचें पाऊल होय, पहिलें नव्हे.

उदाहरणादाखल दुसऱ्या महायुद्धांतील विलीज ‘एम्‌बी’ ही जीप घेतां येईल. अमेरिकेंत १९४१ ते १९४५ ह्या काळांत ती तयार होत असे. पुढें १९४९ सालीं महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जोडणी मुंबईंत सुरू केली, आणि ह्या घराण्यांतील गाड्या महाराष्ट्रांतील रस्त्यांना परिचित झाल्या. ‘एम्‌बी’चीं पुढचीं दोन्ही चाकें एका अखंड एक्सलच्या टोकांना असून, तो एक्सल कमानपाट्यांना जखडलेला असतो.

ह्या चाकांची ठेवण मुख्यतः तीन गोष्टींनीं ठरते. पहिली कॅस्टर. ज्या किंग पिनभोंवतीं चाक वळतें, तिचा माथा ३ अंश मागें कललेला असतो. सायकलीचा पुढचा चिमटाही असाच कललेला असतो. वळलेलें चाक पुन्हा सरळ होण्याकडे ओढ घेतें तें ह्या कलामुळेंच. दुसरी कॅम्बर, म्हणजे चाकांचे माथे दीड अंश बाहेर झुकलेले असतात. हे दोन्ही कोन एक्सलच्या घडणींतच आलेले असतात. मालकाच्या हातीं उरते ती तिसरी गोष्ट, टो-इन. वरून पाहिल्यास दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतराहून किंचित् कमी असावें लागतें. हें ‘किंचित्’ म्हणजे ३/६४ ते ३/३२ इंच, अर्थात् सुमारें १.२ ते २.४ मिलिमीटर. गाडी धांवूं लागली कीं रस्त्याच्या विरोधानें चाकें बाहेर फांकूं पाहतात, सांध्यांतील सूक्ष्म ढिलाई ताणली जाते, आणि मुळांत आंत वळलेलीं चाकें त्या वेळीं जवळजवळ समांतर होतात.

हा हिशेब बिघडला तर काय होतें? टायरचा व्यास सुमारें ७०० मिलिमीटर धरावा. टो-इन ६ मिलिमीटर झालें, तर प्रत्येक चाक जेमतेम पाव अंश तिरपें होतें. डोळ्यांना तें दिसतही नाहीं. पण त्या पाव अंशामुळें दर किलोमीटरला सुमारें ४ मीटर इतकें चाक आडवें घासलें जातें. हजार किलोमीटरच्या प्रवासांत हें घासणें ४ किलोमीटरांवर जातें. टायर अकालीं झिजतात ते असे.

तरीही पाना हातीं घेण्यापूर्वीं ढिलाई शोधली पाहिजे. दोन्ही टायरांत हवा सारखी भरावी. मागच्या चाकांना अडण लावून पुढचें चाक जॅकवर उचलावें, आणि वर व खालीं धरून हालवून पाहावें. तें हाललें तर दुसऱ्यानें ब्रेक दाबावा. हालणें थांबलें तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबलें तर बहुधा किंग पिनच्या बेअरिंगचा. त्यानंतर टाय रॉडचीं टोकें, बेल क्रँकची पिन, कमानपाट्यांचे बुश व शॅकल तपासावे. जेथें सांधाच ३ मिलिमीटर खेळतो, तेथें १ मिलिमीटरची जुळणी टिकणार कशी?

सांधे घट्ट झाल्यावर गाडी सपाट जागीं चाकांवर उभी करावी. स्टिअरिंगची हालचाल बेल क्रँकपर्यंत पोहोंचते, व तेथून एक टाय रॉड डाव्या आणि एक उजव्या चाकाला जातो. प्रथम बेल क्रँकचें टाय रॉडकडील टोक एक्सलशीं काटकोनांत ठेवावें. ह्या जीपच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील रुंदी सारखीच असल्यामुळें, डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना लावून ताठ दोरी धरतां येते. पुढचा टायर दोरीला दोन्ही कडांशीं टेकत नसेल, तर डाव्या टाय रॉडचे क्लॅम्प सैल करून, तो टेकेपर्यंत रॉड फिरवावा. उजवीकडेंही तसेंच करावें. दोन्ही चाकें सरळ झालीं म्हणजे उजवा टाय रॉड सुमारें अर्धा फेरा फिरवून आंखूड करावा. मग दोन्ही टायरांवर पुढें, एकाच उंचीवर, खडूची खूण करून अंतर मोजावें. गाडी हळूच पुढें ढकलून त्याच खुणा मागें आल्यावर पुन्हा मोजावें. माप बरोबर आलें कीं क्लॅम्प आवळण्यास विसरूं नये. नंतरच्या कित्येक जीपमध्यें बेल क्रँक नसून एकच लांब टाय रॉड असतो. तेथें त्या गाडीच्या पुस्तिकेंतील रीतच पाळावी.

इतकें करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाकें थरथरत असतील, तर टाय रॉड पुन्हा पुन्हा फिरविण्यांत अर्थ नाहीं. कॅस्टर कमी झाला असल्यास कमानपाटा व एक्सल ह्यांच्यामध्यें निमुळत्या पट्ट्या घालून तो सुधारतां येतो; पण एक्सलच वांकला असेल तर तो तापवून सरळ करण्याचा मोह टाळावा. तापविलेलें पोलाद आपलें बळ गमावतें, आणि ह्याच पोलादावर घरच्या माणसांचा जीव विसंबून असतो.

दोरी, खडू व पाना ह्यांपलीकडे ह्या कामाला फारसें कांहीं लागत नाहीं. लागतो तो क्रम पाळण्याचा धीर: आधीं ढिलाई, मग माप, आणि सरतेशेवटीं तो अर्धा फेरा.