प्रदर्शन उभे राहते तेव्हा



कारखान्याच्या फाटकावर ज्यांचे सारे शिक्षण झाले, त्या आम्ही कलाशाळेविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या संघटनेतल्या एका कामगाराची मुलगी शहरात डिझाइन शिकते. डिझाइन म्हणजे नुसती नक्षी नव्हे. लोखंडी नांगराला आकार देणे हेही डिझाइनच. तो नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात, म्हणून त्यांना ती सोडावी लागली.

तर ही मुलगी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरवणाऱ्या समितीवर होती. पहिले भांडण भिंतीचे. दारासमोरची, उजेडाची भिंत प्रत्येकाला हवी. आपल्या कांदाबाजारात गाडी पुढे लागावी म्हणून जी रेटारेटी होते, तीच! हिने चिठ्ठ्या टाकायला लावल्या, आणि हिच्याच वाट्याला जिन्याखालचा कोपरा आला. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण फळ्या ठोकणारा सुतार, वायरमन, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सूत धरून चित्रे एका ओळीत टांगणारी पहिल्या वर्षाची पोरे, यांतल्या एकाचेही नाव छापील पुस्तिकेत नव्हते. तिने ती नावे घालण्याचा आग्रह धरला. "ही काय लग्नपत्रिका आहे?" असे उत्तर मिळाले.

याहून मोठ्या ठिकाणीही हेच घडते. १९२३ साली जर्मनीत वायमार येथे बाउहाउस या कलाशाळेने मोठे प्रदर्शन भरवले. पैसा सरकारचा, म्हणून काम दाखवा असा सरकारचा तगादा. संचालक ग्रोपिअस यांना ती घाई वाटत होती, पण इलाज नव्हता. गुरू-शिष्य सारेच कामाला जुंपले. प्रदर्शनाचे भित्तिपत्रक योस्ट श्मिट या विद्यार्थ्याने केले. एक नमुनेदार घर बांधले, त्यातल्या मुलांच्या खोलीचे लाकडी सामान आल्मा बुशर या विद्यार्थिनीने आखले. चलन इतके कोसळले होते की दहा-दहा लाखांच्या नोटा छापाव्या लागत. त्या प्रांताच्या अशा नोटांची रचनाही तिथल्याच हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याची! एवढे करूनही पुढच्या वर्षी सरकार पालटले, अनुदान निम्म्यावर आले, आणि १९२५ साली शाळेला बिऱ्हाड उचलून देसाऊला जावे लागले. या विद्यार्थ्यांची नावे निदान ग्रंथांत आली. त्या घराच्या भिंती उभारणाऱ्यांची नावे कोण घेतो?

आमच्या मुलीने काय केले? जिन्याखालचा कोपरा चिठ्ठीने तिचा झालेला, तिथे काय लावावे हे सांगण्याचा कोणाला अधिकार नव्हता. आपल्या कामाच्या शेजारीच तिने एक जाड कागद लावला आणि सुतारापासून झाडूवाल्या बाईंपर्यंत सगळी नावे स्वतःच्या अक्षरात लिहिली. शेवटच्या दिवशी सुतार बायकोला घेऊन तो कागद पाहायला आला म्हणे.

त्याची मजुरी मात्र अडकली होती. बिल घेऊन ती हिशेबनिसाच्या खिडकीशी तीनदा एकटी गेली. तीनदा "उद्या या". चौथ्यांदा अकराजण मिळून गेले. पैसे त्याच दुपारी निघाले.