बेघरांस निवारा हीच गांवाची राखण

(दुष्काळ-निवारण समितीच्या वतीनें शहापूर येथें व्यापारी, जमीनदार व देणगीदार यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आमच्या समितीच्या हिशेबांत आजवर धान्य, चारा व पाणी हीं तीनच सदरें होतीं. यंदा चौथें सदर उघडण्यास आपली संमति मागण्याकरितां आम्ही उभे आहों. तें सदर निवाऱ्याचें. भुकेल्यास शिधा देतां येतो. परंतु ज्यास तीन दगडांची चूल मांडण्यापुरतीही हक्काची जागा नाहीं, त्यानें तो शिधा शिजवावा कोठें?

आपल्या दोन तालुक्यांची स्थिति आपणांस विदितच आहे. १८९२ सालच्या तानसा तलावापासून भातसा धरणापर्यंत मुंबईची तहान भागविणारे जलाशय शहापूर तालुक्यांत, आणि त्याच तालुक्यांतील पाड्यांवर वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. भाताचें एक पीक हातीं आलें कीं रान कोरडें. मग कातकरी कुटुंबें भट्टीवाल्याची उचल घेऊन दिवाळीनंतर मुलाबाळांसह विटा थापण्यास जातात, तीं मृगाच्या तोंडावर परततात. परत येऊन पाहावें तों कुडाची झोपडी पडलेली, किंवा ती ज्याच्या जमिनींत उभी होती त्याचें मन फिरलेलें. वर्षाचे सात-आठ महिने भट्टीवर, उरलेले दुसऱ्याच्या बांधावर. अशा माणसास गांवचा म्हणावें कीं उपरा म्हणावें, हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं.

आमचा धंदा वकिलीचा. दावा असो वा फिर्याद असो, नांवापुढें पहिला शब्द येतो तो ‘राहणार’. ज्याच्या नांवापुढें ती जागा कोरी, त्यास जामीन मिळणें कठीण, दाखला मिळणें कठीण, आणि चोरीचा पहिला आळ मात्र त्याजवर येणें फार सोपें. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितेंत, ज्यास उपजीविकेचें उघड साधन नाहीं त्याजकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्याची तरतूद होती. १९७३ च्या संहितेनें तें कलम तेवढ्यापुरतें सौम्य केलें. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. कायदे गेले, परंतु अनोळखी फाटका माणूस दिसतांच आपल्या मनांत येणारा संशय गेला आहे काय?

त्या संशयाची किंमत महाराष्ट्रानें मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें भिक्षेवर फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस, मुलें पळविणारे समजून, जमावानें ठार मारलें. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, आपल्याच जुन्या ठाणें जिल्ह्यांतून २०१४ सालीं वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत, गडचिंचले येथें दोन साधू व त्यांचा चालक यांची तशीच गत झाली. मारणारे कोणी परदेशचे दरोडेखोर नव्हते. आपणांसारख्याच गांवांतील, स्वतःच्या मुलांच्या काळजीनें व अफवेनें आंधळे झालेले लोक होते. मेलेले तर गेलेच. पण त्या गांवांची झोंपही गेली. गांव राखण्याच्या नांवाखालीं गांव उध्वस्त होतो तो असा.

आतां दुसरी बाजू पाहूं. २०२० च्या टाळेबंदींत मुंबई-नाशिक महामार्गानें हजारों मजूर आपल्या दारावरून पायीं गेले. डोक्यावर बोचकें, कडेवर मूल, आणि पुढें कसाऱ्याचा घाट. कित्येकांनीं पाण्याचीं पिंपें व भाकरी घेऊन रस्ता गाठला. आणि त्याच दिवसांत राज्यांतील कित्येक गांवांनीं वेशीवर आडवे बांबू बांधले. आम्ही दोघांसही दोष देत नाहीं. रोगाचें भय खरें होतें आणि दयाही खरी होती. चूक इतकीच कीं, त्या दोहोंस एकत्र नांदण्यास एक छप्पर नव्हतें. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ, जालन्याहून निघालेले १६ मजूर थकून रुळांवर झोपले असतां मालगाडीखालीं गेले. वाटेंत एक उघडी धर्मशाळा असती, तर ते रुळांवर कां निजते?

धर्मशाळा आपणांस नवीन नाहीं. याच रस्त्यानें शिर्डीस पायीं जाणाऱ्या पालख्या जातात. त्यांस आपण मांडव घालतों, पाय चेपतों, पंगती वाढतों; कोणी कोणास ओळखीचा कागद मागत नाहीं. म्हसेच्या जत्रेंत हजारों परके उतरतात. त्यांचें भय वाटत नाहीं, कारण त्यांच्या उतरण्याची जागा ठरलेली असते. मग तोच रस्ता, तेच फोड आलेले पाय, आणि हातांत पताका नाहीं एवढ्यावरून माणूस संशयित व्हावा काय?

२०११ च्या जनगणनेंत देशांत १७ लाखांवर माणसें बेघर नोंदलीं गेलीं, त्यांपैकीं ८ लाखांहून अधिक खेड्यांत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनीं लाख वस्तीमागें एक निवारा सांगितला, पण तो शहरांस. खेड्यांचें काम खेड्यांनींच अंगावर घेतलें पाहिजे.

आतां आपल्या मनांतील शंका. जमीनदार म्हणतील, झोपडी राहूं दिली कीं जमीन गेली. आमचें उत्तर असें कीं, पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या शेतमजुराच्या राहत्या घरास १९४८ च्या कुळकायद्यानें संरक्षण दिलेंच आहे; आज त्यास हुसकून उद्यां कोर्टाची पायरी चढण्यापेक्षां, वाडीपुरता तुकडा मोजून द्यावा व गांवठाण वाढविण्यासाठीं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, त्यांत उरलेली जमीन निर्वेध होते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या जनमन योजनेंत कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींस पक्क्या घरांची तरतूद झाली; परंतु सरकार भिंती देईल, पायाखालची जागा कोणी द्यावयाची?

व्यापारी म्हणतील, निवारा काढला कीं भुरटे गोळा होतील. ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. दुकान फुटलें तर भरपाई समिती देत नाहीं. म्हणून आम्ही नियम ठरविले आहेत. रात्रभर दिवा व एक राखणदार. बायकामुलांची खोली निराळी व आंतून कडी. आलेल्याचें नांव वहींत लिहावें, पण कागद नाहीं म्हणून कोणास परतवूं नये. आजाऱ्यास त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत न्यावें. भ्रमिष्ट होऊन भटकणाऱ्यास दगड न मारतां पोलिसांस कळवावें; अशा माणसास संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आंत सरकारी रुग्णालयांत नेणें हें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें पोलिसांचें कर्तव्य आहे. आणि संशय आलाच, तर ठाण्यास खबर द्यावी. जमाव जमवूं नये. ज्याचें नांव वहींत आहे व ज्यावर दिव्याचा उजेड आहे तो मनुष्य, झुडपाआड निजलेल्यापेक्षां, गांवास अधिक सुरक्षित नव्हे काय?

मुरबाडकरांस सिद्धगड सांगावयास नको. २ जानेवारी १९४३ रोजीं तेथें देह ठेवणारे भाई कोतवाल हे वकील होते, आणि लढ्यांत उतरण्यापूर्वीं त्यांनीं गरीब शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठी चालविली होती. सुगींत भरावी व अडचणींत उघडावी ही तिची रीत. निवाऱ्याचीही रीत तीच. संकट वेशीवर आल्यावर वासे शोधूं लागलों तर छप्पर वेळेवर चढत नाहीं.

तरी आमची विनंति तीन प्रकारची आहे. ज्यांच्या जमिनींत वाड्या आहेत त्यांनीं पावसापूर्वीं मोजणीस लेखी संमति द्यावी. महामार्गालगत ज्यांचा पडीत तुकडा असेल त्यांनीं तो निवाऱ्यास द्यावा. व्यापारी बंधूंनीं राखणदाराचा पगार व दिवाबत्ती यांसाठीं वार्षिक वर्गणी आपल्या नांवापुढें लिहावी; फूल ना फुलाची पाकळी, ती पावती घेऊन द्यावी व वर्षअखेर हिशेब मागावा. निवाऱ्याची वही व जमाखर्च कोणाही देणगीदारास केव्हांही पाहावयास मिळेल.

वर्गणीची यादी टेबलावर ठेविली आहे. तींत आपण नांव लिहाल, तेव्हां ‘राहणार’ या शब्दापुढें आपल्या गांवाचें नांव आपसूक लिहाल. ज्याला तेवढेंही लिहितां येत नाहीं, त्याची क्षणभर आठवण व्हावी, एवढेंच मागून आम्ही आपली रजा घेतों.