खुल्या पटावरची कारकीर्द

जुलै २०२५ मध्ये दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, हे मी सांगायला नको. सभागृहात एखादा नागपूरकर असेल तर तो चालीसुद्धा म्हणून दाखवेल. मी थेट माझ्या हट्टाकडे येतो. बुद्धिबळ खेळणाऱ्या बाईचा संसार महिला गटावर चालतो, पण तिचा खेळ घडतो खुल्या गटात. हंगेरीची ज्युडिट पोल्गार महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळलीच नाही, आणि २००५ मध्ये ती स्त्री-पुरुष मिळून जगात आठवी होती.

हंगेरीपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या मुंबईच्या खाडिलकर भगिनी घ्या. वासंती पहिली राष्ट्रीय महिला विजेती, १९७४ची; पुढची काही वर्षं ते विजेतेपद या तिघी बहिणींच्या घरातच फिरत होतं. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट १९७६ची. त्यांच्यातली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. वय तेरा! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स ऑयवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. हसताय, पण विचार करा: नियमांच्या पुस्तकात प्यादं वजीर होऊ शकतं, आणि वजिराएवढं खेळणाऱ्या मुलीला प्रवेशासाठी वकील लागतो! यावर तासभर बोलता येईल, पण घड्याळाकडे बोट दाखवणारी मंडळी मला दिसताहेत.

तेव्हा आक्षेप. पहिला: दिव्याला ग्रँडमास्टर किताब महिलांच्या स्पर्धेनेच दिला ना? दिला. एरवी तीन नॉर्म (म्हणजे स्पर्धांमधली ठरावीक दर्जाची कामगिरी) आणि २५०० रेटिंग लागतं. तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता, विजयाने किताब थेट मिळाला. पण त्याआधी २०२४ आणि २०२५ मध्ये ती वाइक आन झेच्या स्पर्धेत चॅलेंजर्स गटात पुरुषांशी खेळून आली होती. त्या एकाच कारणाने ती जिंकली असं मी म्हणत नाही; ती शिदोरी तिच्याजवळ होती, एवढंच म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: २०२५ मध्येच गोव्यातल्या खुल्या विश्वचषकात ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली. खरं आहे. आणि म्हणूनच महिला गट बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मला बसवू नका. बातुमीच्या विजेतीला ५० हजार डॉलर मिळाले. खुल्या गटात सुरुवातीला पदरी पराभवच जास्त येतात, आणि पराभवावर विमानाचं तिकीट निघत नाही. पोल्गारसारखी उदाहरणं विरळा का, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

वेळ संपली, चिठ्ठीही आली. मागणी एका वाक्यात सांगतो: जिंकलेल्या मुलीचे सत्कार जरूर करा, पण संघटनांनी आणि पुरस्कर्त्यांनी आधी तिच्या खुल्या स्पर्धांमधल्या पराभवांचा खर्च उचलावा.