कंदिलातले सहा दिवे

दिवाळी जवळ आली की घरोघरी मुलं काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन आकाशकंदील करायला बसतात. आत आता बल्बऐवजी पांढरे एलईडी लावले जातात. समजा, सहा एलईडी आहेत आणि 12 व्होल्टचा डीसी ॲडॅप्टर. मग रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा?

साध्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आपोआप आवरला जातो. एलईडीचं तसं नाही. पांढऱ्या एलईडीवर साधारण 3.2 व्होल्ट पडतात. त्यापुढे दाब जरासा वाढला, तरी करंट भराभर चढतो आणि एलईडी जळतो. म्हणून रेझिस्टर हवाच.

तीन एलईडी एकसर, म्हणजे एकापुढे एक जोडा. तिघांचे मिळून 9.6 व्होल्ट झाले. 12 मधून ते वजा केले की उरले 2.4. लहान एलईडीला 20 मिलिअँपिअर, म्हणजे 0.02 अँपिअर करंट पुरतो. 2.4 ला 0.02 ने भागा. उत्तर 120 ओहम. मी मात्र 150 चा घ्या म्हणेन. करंट 16 मिलिअँपिअरवर येतो, उजेड फारसा कमी होत नाही आणि एलईडी जास्त टिकतात. या रेझिस्टरवर तपकिरी, हिरवा, तपकिरी असे पट्टे असतात. पाव वॅटचा पुरतो.

एका ओळीत चार एलईडी लावू नका. त्यांना 12.8 व्होल्ट लागतील आणि आपल्याकडे आहेत 12. उरलेल्या तिघांची दुसरी ओळ करा आणि ती पहिलीला समांतर जोडा.

मुलांची चूक इथेच होते. दोन्ही ओळींना मिळून एकच रेझिस्टर लावतात. पण एकाच पाकिटातले एलईडीसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. ज्या ओळीला कमी व्होल्ट लागतात, ती जास्त करंट ओढते, जास्त तापते आणि तापली की आणखी ओढते. एक ओळ प्रखर, दुसरी मंद, आणि प्रखर ओळ आधी जाते. दुसरा रेझिस्टर अगदी स्वस्त असतो. तो वाचवू नका.

एलईडीचा लांब पाय धन बाजूला ठेवा. घरातल्या 230 व्होल्टच्या वायरला हे दिवे थेट कधीही जोडू नका. आणि पालकांनो, गणित मुलांनाच करू द्या. वहीतल्या ओहमच्या नियमाने आपल्या दारातला कंदील उजळला, हे त्यांना स्वतः पाहू द्या.