अंगातला पहारा
(पुण्यातील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, त्यामुळं गोदीवाले आणि कवी, दोघंही मला आपला धरत नाहीत. आज मनाच्या जखमेवर बोला म्हणाले. मी अंगावर बोलणार, कारण जखम तिथंच मुक्काम ठोकते.

2018 च्या 1 जानेवारीला भीमा कोरेगावला विजयस्तंभाकडं निघालेल्या आपल्या लोकांवर दगड पडले. मी बसमध्ये होतो. काच फुटली, एवढंच. रक्त आलं नाही. पण पुढं गोदीला लागलो, तर लोखंडी पट्टी खाली आदळली की माझी मान आपोआप खांद्यात जायची. डोक्याला ठाऊक होतं, पट्टी आहे. मानेला नव्हतं. मुकादम म्हणायचा, भित्रा साला. अरे, अंगातला पहारा उठला नव्हता!

धोका दिसला की काळीज धडधडतं, श्वास छातीत वरवर चालतो, पोट आवळतं, मुठी वळतात. पळायची नाहीतर हाणायची तयारी. धोका गेला की हे उतरायला हवं. वारंवार तुडवलेल्या माणसाचं उतरत नाही. आपल्याला तर आईच शिकवते: मान खाली, आवाज खाली, त्यांच्या दारावरनं पटकन नीघ. शाळेआधीची शाळा ही.

आता मनगटाची नाडी धरा. धरा, लाजू नका. श्वास घ्या, आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. सोडताना नाडी जरा मंद लागते. मेंदूच्या बुडातनं एक नस निघते, गळ्यातनं काळजाकडं, पोटाकडं जाते. डॉक्टर तिला व्हेगस म्हणतात. श्वास सुटताना ती काळजाला ब्रेक लावते. यात बुवाबाजी नाही. बुद्धानं सतिपट्ठानात पहिली काया घेतली आणि सुरुवात श्वासापासनं केली. ध्यानबिन पळपुट्यांचं काम म्हणणाऱ्या आपल्या कॉम्रेडांनी एवढं ऐकावं.

गोदीत क्रेनचा लोड सुटून कुणी थोडक्यात वाचला, तर जुने कामगार त्याला खाली बसवतात. चहा देतात, पाठीवर हात ठेवतात. थरथरतोय तर थरथरू देतात. काय झालं, कसं झालं, कुणी विचारत नाही.

याच पुण्यात 1974 साली कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम उभा राहिला. आधी जोरजोरात श्वास, मग ओरडणं-रडणं, उड्या, मग एकदम स्तब्ध, शेवटी नाच. साचलेलं काढायला जगभरातनं माणसं आली. जवळच ताडीवाला रोडच्या वस्तीत बाईनं हंबरडा फोडला की म्हणतात, अंगात आलंय. हंबरडा तोच. तिकडं त्याला फी पडते!

भार्गवी दावर यांनी 1999 साली पुण्यात बापू ट्रस्ट काढला. माणसाला मनोरुग्णालयात कोंडण्याऐवजी वस्तीतच आधार द्यायचा, ही त्यांची भूमिका. 2024 साली त्या गेल्या. चळवळीतल्या पोरांनी हे काम बघून यावं.

काहींना डोळे मिटले की तेच दिसतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, तळपाय जमिनीला टेकवावेत, समोरच्या वस्तू मोजाव्यात. आणि गोळ्या चालू असतील, तर माझं ऐकून बंद करू नका.

दगड मारणाराही नंतर आपल्यालाच शांत राहा म्हणतो. त्या शांततेशी माझं देणंघेणं नाही. उद्या ज्याच्या झोपडीवर बुलडोझर येणार, त्याला श्वास मोजायला सांगू नका. रात्रभर त्याच्याबरोबर बसा. पण 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा हातात असूनही चौकीत जीभ टाळूला चिकटते, फिर्याद अर्धी राहते. तिथं हा लांब श्वास लागतो. फिर्याद द्यायला दोघं जा. एकानं बोलायचं. दुसऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं, सही होईपर्यंत.